रूबेनच्या विमानाचा डावा पंख

११ जानेवारी

उणे एकोणतीस. टपालाचं विमान चार दिवसांनी उतरलं. माझ्या नावाची तीन पाकिटं होती, दोन जाहिरातींची आणि एक सरकारी हुकमाचं. जाहिराती जास्त प्रेमळ भाषेत होत्या.

हुकूम असा. आमच्या इथल्या सहा आसनी विमानांच्या पंखात एक मुख्य तुळई असते. ती विमानाच्या पोटाला बोल्टांनी जोडलेली असते. त्या बोल्टांच्या भोकांत काही ठिकाणी तडे सापडलेत. दूर दक्षिणेला एका विमानाचा पंखच हवेत सुटला, दोघं गेले. तेव्हा ज्या विमानांनी आयुष्यभर भाड्याची हमाली केली आहे त्यांचे बोल्ट काढून भोकं तपासायची, सक्तीने. हमाली केली हे ओळखायचं कसं, तर लॉगबुकवरून. भाड्याने माणसं नेणाऱ्याला दर शंभर तासांनी तपासणी करून घ्यावी लागते. या नोंदी जितक्या जास्त, तितका पंख थकलेला धरायचा.

म्हणजे ज्याने इमानाने नोंदी केल्या तो अडकला आणि ज्याने केल्या नाहीत त्याचा पंख कागदावर कोवळा. हे ज्याने लिहिलं तो हुशार माणूस असणार, पण आमच्या किनाऱ्यावर एक हिवाळासुद्धा राहिलेला नसणार.

दुपारी बायकोचा, मर्टलचा फोन. तिला अँकरेजला जाऊन दोन वर्षं झाली. मूत्रपिंडाचं दुखणं, आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवावं लागतं आणि गावात तसलं मशीन नाही. तब्येत सुधारली की येईलच परत. मी तिची शिवणाची खुर्ची अजून हलवलेली नाही.

"तुझं पत्र मिळालं," म्हणाली. "अक्षर आहे की कोंबडीचे पाय?"

"हँगरमध्ये थंडी असते गं."

"मग घरी बसून लिहायचं."

घरी बसूनच लिहिलं होतं. ते काही मी सांगितलं नाही.

१३ जानेवारी

रूबेन नेहमीसारखा दहाला आला. रूबेन म्हणजे मर्टलचा धाकटा भाऊ, वय त्रेपन्न, गावातलं एकमेव खासगी विमान त्याचं. कॉफी पितो, पायलट ब्रेड म्हणजे जाड कडक बिस्किट, त्यावर लोणी थापून खातो, मला नावं ठेवतो. दिवसभरात माझ्याशी समोरासमोर बोलणारा तो एकटाच. बाकी गावाचं बोलणं मी रेडिओवर ऐकतो. इथे प्रत्येक घरात वॉकीटॉकीसारखा रेडिओ सतत चालू असतो, एक बोलला की सगळं गाव ऐकतं. मर्टल असताना आमच्याकडून तीच बोलायची. मी नुसता ऐकणारा.

संध्याकाळी मी निघालो की रूबेन म्हणतो, "तुम्ही व्हा पुढे, दाजी, मी झाडून येतो." बघणाऱ्याला वाटेल केवढी ही स्वच्छतेची आवड! त्याच्या स्वतःच्या घरात पाय ठेवायला जागा नसते.

आज त्याचं लॉगबुक काढून बसलो. बावीस वर्षांत शंभर तासांची नोंद एकही नाही. वर्षाला एक तपासणी, खाली मेकॅनिक म्हणून माझी सही. तो भाडं घेत नाही ना! शेजारच्या गावाला बाळंतीण नेतो, मयताला माणसं नेतो, शाळेच्या मुलींचा बास्केटबॉलचा संघ सामन्याला नेतो, आणि लोक त्याच्या दारात पेट्रोलचं पिंप किंवा शिकारीतला अर्धा सील ठेवून जातात. याला भाडं म्हणायचं का, हा प्रश्न पहिल्या वर्षी मी विचारला होता. "नातेवाइकांकडून कसलं भाडं, दाजी?" म्हणाला. गावात नातेवाईक नसलेला माणूस मी एकटाच होतो, आणि मीही लग्न केल्यावर झालोच. मी कानाडोळा केला.

हुकमाच्या हिशेबाने त्याच्या पंखाला तपासणीतून सूट मिळते. मर्यादेच्या निम्म्यावरसुद्धा येत नाही. पण मी त्या विमानाचे किती टायर बदललेत, किती वेळा चाकांचे वाकलेले पाय सरळ केलेत, ते मला माहीत आहे. गोठलेल्या लाटांवर उतरलेलं विमान आहे ते.

१९ जानेवारी

टपाल कंपनीचा मेकॅनिक नोम गावाहून फोनवर बोलला. त्यांच्याकडे सगळ्या नोंदी चोख, म्हणून अकरा विमानांचे पंख उघडावे लागले. अकराच्या अकरा निर्दोष.

बाकी दिवसात काही नाही. रेडिओवर गावातल्या एस्तर आजींनी रोजच्यासारखे सकाळी वाढदिवस वाचून दाखवले. चार होते. मी प्रत्येकाला मनातल्या मनात शुभेच्छा दिल्या. यंत्र उचलून बोलायला काय जातं, पण हात तिकडे जात नाही.

२५ जानेवारी

आज रूबेनला सांगितलं. फेब्रुवारीअखेर त्याची वार्षिक तपासणी आहे, त्या वेळी मी पंख उघडणार.

"कागद म्हणतो गरज नाही," तो म्हणाला.

"कागद तुझ्याबरोबर उडलेला नाही. मी उडलोय."

"अकरा उघडले, अकरा चांगले निघाले. तुम्हीच सांगितलंत."

"त्यांनी गोठलेल्या लाटांवर मुलींचा संघ उतरवला नव्हता."

त्याने कप पुन्हा भरून घेतला. मग म्हणाला, "त्या हुकमातच लिहिलंय ना, बोल्ट काढताना भोक खराब होऊ शकतं म्हणून? चांगल्या पंखाचं वाटोळं व्हायचं."

"काढणाऱ्याला काढता येत नसेल तर होतं."

"बरं, मग काढू पण नोमचा माणूस येऊ दे. त्याने अकरा काढलेत, हात बसलाय त्याचा."

मला राग आला. चौतीस वर्षं या धावपट्टीवरचं प्रत्येक विमान माझ्या हाताखालून गेलंय. त्या नोमच्या माणसाला मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ओळखतो. म्हटलं, "मी काढणार. नाहीतर यंदाची सही दुसऱ्या कोणाकडून घे." वार्षिक तपासणीवर सहीचा अधिकार असलेला इकडच्या चारशे किलोमीटरांत मी एकटाच, हे त्याला माहीत आहे.

तो उठला. आज झाडलं नाही.

२९ जानेवारी

चार दिवस रूबेन आला नाही. कॉफी दोन कपांची करायची सवय झालीय, उरलेली ओतून देतो. आज ओतताना स्टोव्हवर सांडली, बोटं भाजली. थंडीने बोटांना अंदाजच राहत नाही.

पंख उघडायचा हट्ट मी का धरला, याचा विचार करत होतो. मुलींची काळजी, हे खरं. बावीस वर्षं कानाडोळा केला त्याची टोचणी, हेही खरं. आणि तिसरंही एक आहे, इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे. पंख उघडायचा म्हणजे आठवडाभराचं काम. खुर्च्या काढा, फरशी काढा, पंखाखाली टेकूचे घोडे लावा. आठवडाभर कोणीतरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हँगरमध्ये असेल.

३ फेब्रुवारी

रूबेन आला. दहाला, जसा काही काल आला होता. खाली बसला आणि म्हणाला, "दाजी, पुन्हा एकदा विचारतो. नोमच्या माणसाला बोलवू या?"

"नाही."

"बरं," म्हणाला. "कधी सुरू करायचं?"

मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच्या ब्रेडवर स्वतःच लोणी लावून दिलं. तो माझ्या हातातल्या सुरीकडे बघत होता. हावरट मेला.

८ फेब्रुवारी

सुरुवात. विमान आत ओढलं, दोन दिवस शेगडी पेटवून हँगर उबदार केलं. खुर्च्या, फरशी, कडेचे पत्रे निघाले. रूबेनने तीन स्क्रू हरवले आणि खापर माझ्यावर फोडलं. दुपारी मूस हरणाचा रस्सा आणला होता त्याने, आम्ही पंखावरच भांडं ठेवून खाल्ला. त्याने आपल्या बापाची एक गोष्ट सांगितली, मी दहादा ऐकलेली. अकराव्यांदाही हसलो.

असा दिवस किती महिन्यांनी आला. मर्टलला फोनवर तासभर सगळं सांगितलं. ती मधेच म्हणाली, "बोल्ट कोण काढणार?"

"मीच, दुसरं कोण?"

"रूबेन काय म्हणतो?"

"रूबेन काय म्हणणार? स्क्रू हरवतो."

मग तिने फोन ठेवायची घाई केली. मशीनवरून आल्यावर तिला थकवा असतो.

१० फेब्रुवारी

पंखाखाली घोडे लावून भार उचलला. असे बोल्ट फिरवायचे नसतात, सरळ रेषेत हळूहळू ठोकून बाहेर काढायचे. पितळी सळई टेकवायची आणि वर छोटा हातोडा. उजवीकडचे लोण्यातून सुरी काढावी तसे आले. डावीकडचेही आले. शेवटचा, डावा, खालचा, बाहेरच्या बाजूचा, तो अडकला. पितळी सळई त्याच्यापुढे वाकली. मी पोलादी घेतली. घ्यायला नको होती. दोन ठोके नीट बसले. तिसऱ्याला सळई बोल्टावरून घसरली आणि भोकात गेली. बोल्ट निघाला.

उणे तीसचा हिवाळा, आणि दार नीट लागत नाही. हात आखडला असणार.

रूबेन त्या वेळी बाहेर होता, बर्फाला भोक पाडून खेकड्यांचे पिंजरे बघायला गेला होता. मी टॉर्चने आत बघितलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग भोकावर कापडाचा बोळा लावून घरी आलो.

११ फेब्रुवारी

तपासायला अँकरेजहून नेनिता आली. तिशीची, बारीक, फिलिपिनो, हातात शाळेच्या दप्तराएवढं यंत्र. पेनासारखी दांडी भोकात हळूहळू फिरवायची, तडा असला तर पडद्यावरची रेघ उडी मारते. ती मला पहिल्या मिनिटापासून काका म्हणायला लागली. दुपारच्या विमानाने परत जायचं म्हणून चहासुद्धा घेतला नाही.

उजवीकडची सगळी भोकं शांत. डावीकडचीही शांत. शेवटचं उरलं. तिने दांडी घालण्याआधी टॉर्च मारली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काका, हे काल झालं का?"

"हो."

तिने तरीही दांडी फिरवली, मोजपट्टी लावली, पुस्तकातलं कोष्टक दोनदा बघितलं. "तडा नाही. एकही नाही. धातू अगदी निरोगी आहे, अजून वीस वर्षं चालला असता. पण हा ओरखडा खोल आहे, काका. घासून काढायची मर्यादा आहे, तिच्या पलीकडे गेलाय. तुळई नापास."

"नवी तुळई?"

"दीड वर्ष तरी थांबावं लागेल. आणि या विमानाच्या वयाला..." वाक्य तिने पुरं केलं नाही. चांगली मुलगी आहे. कागदावर लिहिलं: भोकाला इजा, नापास. लाल चिठ्ठी बांधली. "मालकाला तुम्ही सांगाल ना?"

"सांगेन," म्हटलं.

चारला रूबेन आला, बादलीत सहा खेकडे. लाल चिठ्ठी दारातूनच दिसली त्याला.

"नापास?"

"नापास."

"कुठलं?"

"डावं. खालचं, बाहेरचं."

तो पंखाखाली वाकला, टॉर्च घेतली, बराच वेळ तिथेच राहिला. मी पुढचं वाक्य तोंडात जुळवत होतो. रूबेन, पंख चांगला होता, माझ्या हातून गेला. एवढंच बोलायचं. तो उठला, टॉर्च जागेवर ठेवली आणि म्हणाला, "बरं झालं बघितलंत." दोन खेकडे माझ्यासाठी ठेवून निघून गेला.

बरं झालं बघितलंत! माझं वाक्य तोंडातच राहिलं.

१२ फेब्रुवारी

सकाळी नऊला रेडिओवर एस्तर आजी. वाढदिवसांच्या आधी म्हणाल्या, "काल वेंडेलने रूबेनचा पंख उघडला आणि तो नापास निघाला. कागद म्हणत होता गरज नाही, पण वेंडेलने ऐकलं नाही. आपल्या मुली त्याच पंखावर बसून जात होत्या. वेंडेल, ऐकतोयस ना रे बाळा? देव तुझं भलं करो."

मी एकसष्ट वर्षांचा आहे. बाळा म्हणून मला शेवटची हाक कोणी मारली ते आठवत नाही.

मागोमाग पंधरा-वीस घरांतून आवाज आले. धन्यवाद वेंडेल. थँक यू वेंडेल. मी यंत्र उचललं. बटण दाबलं असतं तर तेव्हाच सगळं संपलं असतं. खाली ठेवलं.

१५ फेब्रुवारी

दारात सुकवलेला सामन मासा, सीलच्या तेलाची बरणी, हाताने विणलेले मोजे. शाळेतल्या बाईंनी आगुतक, म्हणजे चरबीत घोटलेल्या बेरींचा गोड पदार्थ, आणून दिला, त्यांचं नाव मला आजपर्यंत माहीत नव्हतं. तीन बाप्ये नुसतेच येऊन बसले, कॉफी प्यायले, हवामानावर बोलले. कपाटातले सगळे कप निघाले. मर्टल गेल्यापासून दोनच्या वर कप लागले नव्हते.

मला बरं वाटतंय. लिहायची लाज वाटते, पण वाटतंय.

१९ फेब्रुवारी

शाळेच्या जिममध्ये सामना. मुली सकाळी बर्फगाड्यांवरून शेजारच्या गावाहून परत आल्या होत्या. गोठलेल्या समुद्रावरून नव्वद किलोमीटर, गालांवर थंडीचे चट्टे. विमान असतं तर पंचवीस मिनिटं. सामन्याआधी मुख्याध्यापकांनी मला मैदानाच्या मधोमध उभं केलं. सगळं गाव उठून टाळ्या वाजवायला लागलं. संघातली एक मुलगी येऊन गळ्यात पडली, तिच्या गालाचा चट्टा माझ्या मानेला लागला. खरखरीत होता.

रूबेन वरच्या बाकावर होता. तोही टाळ्या वाजवत होता.

घरी आल्यावर मर्टलचा फोन. तिला तिथे अँकरेजमध्ये सगळं कळलेलं. "सगळे तुझं नाव काढतात," म्हणाली, आणि मग हळूच, "तू बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

बायकोलाही सांगितलं नाही. याला खोटंसुद्धा म्हणता येणार नाही, मी एक शब्द खोटा बोललेलो नाही. नुसता गप्प बसून एका माणसाचं विमान घेतलं आणि वर त्याच्याच गावाकडून मोजे घेतले. त्या मुली समुद्रावरून गारठत येतात ते माझ्यामुळे, आणि गळ्यात पडतात त्याही माझ्याच.

२१ फेब्रुवारी

आज पाच जण आले. कॉफी संपली. उद्या सांगितलं की परवापासून कोणी येणार नाही, हे मला स्वच्छ दिसतंय. पुन्हा दोन कप. कदाचित एकच. रूबेन कशाला येईल?

अजून एक आठवडा थांबलो तर काय बिघडतं, असं दिवसभर मनात येत होतं. मग लक्षात आलं की हेच मी बावीस वर्षं लॉगबुकात करत आलो.

२२ फेब्रुवारी

नऊला एस्तर आजींचे वाढदिवस वाचून झाले आणि मी बटण दाबलं. काय बोललो ते इथे उतरवून ठेवतो.

"मी हँगरवरून वेंडेल बोलतोय. रूबेनचा पंख चांगला होता. त्यात तडा नव्हता. बोल्ट काढताना माझी सळई घसरली आणि भोक खराब झालं. नापास झाला तो माझ्या हातून. तुम्हाला वाटलं मी मुलींना वाचवलं. मी वाचवलं नाही. मी तुमचं विमान मोडलं आणि अकरा दिवस गप्प बसलो. रूबेन, हे मी आधी तुला सांगायला हवं होतं. संपलं."

बटण सोडलं. काहीच नाही. मग कोणीतरी विचारलं, कोणाचा कुत्रा सुटलाय, करड्या रंगाचा, दुकानाजवळ फिरतोय. कोणीतरी म्हणालं, आमचा. आणि रोजच्यासारखं सुरू झालं.

२४ फेब्रुवारी

काल कोणी नाही. आज कोणी नाही. मोज्यांची जोडी धुऊन परत करायला ठेवली आहे, पण कोणाची ते माहीत नाही.

२५ फेब्रुवारी

दहाला रूबेन आला. मी एकच कप काढला होता, त्याने दुसरा स्वतः घेतला.

"माहीत होतं मला," म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"ओरखडा. त्याच दिवशी बघितला. ताजा चकचकीत होता. तडा असा नसतो, एवढं मलाही कळतं, दाजी. बावीस वर्षं तुमच्या खांद्यावरून वाकून बघतोय."

"मग बोलला का नाहीस? सगळं गाव मला डोक्यावर घेऊन नाचत होतं!"

"नाचू दे म्हटलं. दोन वर्षांत तुमच्या दारात एवढी माणसं कधी आली होती?"

तो ब्रेडला लोणी लावत राहिला.

"हाताचं कधीपासून आहे?" त्याने विचारलं.

"कसला हात?"

"दाजी."

"थंडीने आखडतो."

"जुलैतही थरथरतो. मर्टलने जातानाच सांगून ठेवलंय मला, याच्या हाताकडे लक्ष ठेव म्हणून. सगळ्यांना माहीत आहे. शाळेतल्या पोरीसुद्धा तुम्हाला कप निम्माच भरून देतात, बघितलं नाहीत कधी?"

मला ते कधी दिसलंच नव्हतं. मग मी विचारलं ते विचारायला नको होतं, पण आयुष्यभर मेकॅनिक आहे, विचारल्याशिवाय राहवलं नाही. "मग दोन वर्षं मी सह्या केलेली विमानं?"

"तुम्ही घरी गेलात की मी टॉर्च आणि पाना घेऊन सगळं परत बघायचो. दोनदा सापडलं. एकदा तेलाच्या गाळणीची तार राहिली होती, एकदा सुकाणूचा नट बोटाने फिरत होता. मी लावून टाकले."

म्हणजे ती संध्याकाळची झाडलोट ही होती. मी उठून खिडकीपाशी गेलो. बाहेर त्याचं विमान ओढून ठेवलेलं, पंखावर लाल चिठ्ठी फडफडत होती. अंगाचा नुसता संताप झाला, त्याच्यावर, मर्टलवर, आणि खरं तर कोणावर ते कळेना.

"आणि हे सगळं माहीत असून तू मला तुझे बोल्ट काढू दिलेस?" मी ओरडलो. "सांगायचंस ना तोंडावर! वेंडेल, तुझा हात गेलाय, बाजूला हो. एवढं सांगता येत नव्हतं?"

"दोनदा म्हटलं नोमच्या माणसाला बोलवू. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, हे खरंय." त्याने कप खाली ठेवला. "म्हणणारही होतो. त्याच सकाळी, घोडे लावताना. पण तुम्ही शीळ घालत होतात, दाजी. मर्टल गेल्यापासून पहिल्यांदा. मला तोंड उघडवलं नाही."

मग तो खेकड्यांचे पिंजरे बघायला गेला. मी खिडकीपाशी उभा राहून रडलो. एकसष्टाव्या वर्षी, भरदिवसा.

१ मार्च

मर्टलला मीच फोन केला. रेडिओवरचं तिला कळलंच होतं. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू हँगर सोडलं असतंस. आणि हँगर सोडून इथे येऊन माझ्यासाठी खुर्चीत बसून राहिला असतास. ते मला बघवलं नसतं."

"तू परत येणार नाहीस ना?"

हा प्रश्न मी दोन वर्षांत विचारला नव्हता. ती म्हणाली, "नाही रे. मशीन तिकडे येणार नाही आणि मी मशीनशिवाय राहणार नाही." मग म्हणाली, "इथल्या डॉक्टरला दाखव तरी तो हात. कधी येतोस?"

मी नेहमी म्हणतो, काम आटोपलं की. आज तारीख सांगितली. सव्वीस मार्च.

२ मार्च

तपासणीचा आणि सहीचा अधिकार सरकारला परत करतोय. दोन ओळींचं पत्र. एका ओळीत अधिकार परत घ्यावा, दुसरीत मागच्या दोन वर्षांतल्या माझ्या सह्यांची यादी सोबत आहे, ती विमानं दुसऱ्या माणसाने पुन्हा बघावीत. यादी रूबेनने लिहिली, त्याचं अक्षर बरं आहे. रूबेनच्या बावीस वर्षांच्या फेऱ्यांचंही मी लिहायला निघालो होतो. तो म्हणाला, "त्याला आता पंखच नाही, कशाला सरकारचा वेळ खाताय?" तरी तिसरी ओळ लिहिली.

खाली सही करायची होती. सहीचा अधिकार परत करायलाही सही लागते. पहिली भलतीकडेच गेली. दुसरा कागद घेतला, तोही वाया गेला. थंडी नव्हती, शेगडीशेजारीच बसलो होतो. तिसऱ्या कागदावर पेन टेकवून नुसताच थांबलो.

रूबेन खुर्ची ओढून शेजारी आला. एका हाताने त्याने कागद धरला आणि दुसरा हात माझ्या मनगटाखाली टेबलावर उताणा ठेवला. मी हात त्याच्या तळव्यावर टेकला. तो जाड आणि गरम होता, खेकड्यांचा वास येत होता.

"घाई नाही, दाजी," तो म्हणाला.

सावकाश सगळं नाव लिहिलं. वाचता येतं. पत्र उद्याच्या टपालाने जाईल.